समासातला मजकूर ग्राह्य नाही

लोण्याच्या डबीवर तो आडवा पसरला होता—ओला, जांभळट, जन्मापासून इथेच राहत असल्यासारखा निवांत—आणि व्हर्नाने फ्रिजचं दार धरून त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने एक टोक उचलून थंड हवेत जरा चाचपल्यासारखं केलं. ते डोकं होतं की शेपूट, हे एवढी वर्षं गांडुळांच्या पैशावर संसार करूनही तिला ओळखता येत नव्हतं, आणि एल्डनला विचारावं तर तो म्हणणार, त्याला जिकडे जायचं असेल ते डोकं. एल्डनचं हे असंच. गांडुळाचं डोकं कुठे, हेसुद्धा तो गांडुळावर सोपवणार.

"तुझ्या मालातला एक बाहेर पडलाय," ती म्हणाली.

"पडू दे. झाकण नीट बसलं नसेल."

"लोण्यावर आहे, एल्डन."

"मग आज जॅम लाव."

पण तो उठला. त्याने दोन बोटांनी गांडूळ उचलला, रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी एका हातातून दुसऱ्या हातात देतो तितक्याच अदबीने, आणि खालच्या खणातल्या एका कागदी पेल्यात सोडला. खालचा खण सगळा पेल्यांचाच होता—झाकणांना भोकं, आत काळी माती आणि माल. तळ्याकाठी एल्डनचं यंत्र उभं असतं. मासे धरायला आलेला माणूस नाणी टाकतो, खट् आवाज होतो आणि थंड पेयाच्या बाटलीसारखा गांडुळांचा पेला खाली येतो. शनिवारी संध्याकाळी एल्डन यंत्राची वायर काढतो, उरलेला माल घरी आणतो आणि काचेवर पुठ्ठा लावतो: 'उद्या विश्रांती. यांनाही.' म्हणजे रविवारी साऱ्या काउंटीत शब्बाथ नीट पाळला जातो तो फक्त माझ्या फ्रिजमध्ये…

आज शुक्रवार. मंगळवारी काउंटी कौन्सिलच्या उमेदवारीचं मतदान, परवा रविवारी चर्चमध्ये उमेदवारांची उत्तरं छापलेली मतदार मार्गदर्शिका वाटायची, आणि ती आज चारला छापायची. उमेदवार दोन, दोघेही आपल्याच चर्चचे: एल्डन, आणि पेट्रोलपंपवाला ग्लेन बॉमगार्ट. प्रश्नावली चर्चच्या पाळकांनी सांगितली, व्हर्नाने टाइप केली. देवाचं नाव घेऊन सभा सुरू करावी का—हो, नाही. नदीवर जुगाराची बोट येऊ द्यावी का—हो, नाही. रविवारचा धंदा कायद्याने बंद करावा का—हो, नाही. शेवटी सूचना: समासात लिहिलेला मजकूर ग्राह्य धरला जाणार नाही. हे वाक्य मात्र तिचं स्वतःचं होतं. त्याचा तिला अभिमानही होता.

आणि सर्वांना समान वागणूक म्हणून पाळक ब्रदर डॉयल यांनी सांगितलं होतं की प्रश्नावल्या टपालानेच जातील. म्हणून तिने चर्चच्या कार्यालयात बसून स्वतःच्या घरच्या पत्त्यावर एक पाकीट धाडलं. ते दुसऱ्या दिवशी घरी आलं. एल्डनने ते न्याहारीच्या टेबलावर तिच्यासमोरच उघडलं, वाचलं, कोठीत नेलं. मग ते टपालाने चर्चमध्ये परत आलं, आणि तिने ते उघडलं. एका पलंगावर झोपणारी दोन माणसं, आणि मध्ये सरकारी टपाल खातं!

एकाही चौकटीत खूण नव्हती. लिहिणं डाव्या कोपऱ्यात सुरू झालं होतं, वरच्या समासातून जाऊन उजवीकडे वळलं होतं, खाली उतरलं होतं, तळाशी उलटं झालं होतं. वाचायला कागद गाडीच्या चक्रासारखा फिरवावा लागत होता, आणि ती फिरवत असताना समोरून कार्यालयात फोन सांभाळणारी इमोजीन पाहत होती.

'माननीय महोदया, तुमच्या दोन्ही चौकटी मला लहान पडतात. रविवारी मी धंदा करत नाही, कारण त्या दिवशी मला दुसरीकडे जायची ओढ असते. पण शेरीफच्या भीतीने दुकान बंद ठेवलं तर ती उपासना शेरीफची झाली. कायदा कितीही गोड बोलला तरी त्याच्या शेवटाला एक माणूस बंदूक घेऊन उभा असतो. गांडुळांच्या एका पेल्यासाठी मी तो माणूस शेजाऱ्याच्या अंगावर सोडणार नाही. पाप वेगळं, गुन्हा वेगळा. बायबलातला तो श्रीमंत तरुण, असेल ते विकून गरिबांना दे हे प्रभूचं ऐकून, खिन्न होऊन निघून गेला. प्रभूने त्याच्यामागे शिपाई पाठवल्याचा उल्लेख मला कुठे सापडला नाही. असल्यास कृपया कळवावे. आपला नम्र, एल्डन हॅकमन.'

माननीय महोदया. लग्नाआधी तो दूर धरणाच्या कामावर होता तेव्हा त्याने एक पोस्टकार्ड पाठवलं होतं, त्यावर माशाचं चित्र आणि मागे 'आज बरे मिळाले' एवढंच. त्यानंतरचं हे पहिलं पत्र. संसारातलं सर्वांत लांब पत्र, आणि ते समितीला!

"आज चारला छापायचंय," ती आता म्हणाली.

"हं."

"हो किंवा नाही, एल्डन."

"लिहिलंय मी."

"समासात."

"तिथेच जागा होती."

"समासातलं धरत नाहीत."

"मग नका धरू."

"'उत्तर नाही' असं छापावं लागेल मला. आणि उत्तर नाही म्हणजे नाही, असं ब्रदर डॉयलनी आधीच सांगून ठेवलंय. रविवारी उपासनेनंतर डीकनांची सभा आहे. तुला डीकन म्हणून ठेवणार नाहीत."

जॅमची सुरी पावावर थांबली—क्षणभरच, पण तिने पाहिलं—आणि मग पुन्हा कडेकडेने व्यवस्थित फिरू लागली.

"नाही ठेवणार बहुतेक."

"मग?"

"तो त्यांचा हक्क आहे, व्हर्ना. आणि काय छापायचं तो तुझा."

डीकन म्हणून, चर्चचा नेमलेला सेवक म्हणून, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो चर्चमधली भाकर आणि द्राक्षरसाचे ते बोटाएवढे पेले घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातो. तिथल्या म्हाताऱ्या दुसऱ्या कुणाला हनुवटीसुद्धा पुसू देत नाहीत. तिथून परत येताना त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते घेऊन तो घरात दुसऱ्या कुठूनही कधी आलेला नाही—माझ्याकडून उठून तर नाहीच. डीकनपद गेलं की ते गेलं. म्हणजे कुठे दाबलं की दुखेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तिला दाबायचं नव्हतं, खरंच नव्हतं, तिला फक्त त्याने म्हणायला हवं होतं, व्हर्ना, असं करू नकोस. तीन शब्द. भांडून म्हण, ओरडून म्हण, टेबलावर मूठ आपटून म्हण. माझा हात धर. तेवढ्यावर ती तो कागद चुलीत घालायला तयार होती, वर पाळकांच्या तोंडावर 'हरवला' म्हणायलाही.

"कॉफी आहे का अजून?" एल्डनने विचारलं.

हक्क. हा शब्द तो कसा बोलतो… त्या फेब्रुवारीतही असाच बोलला होता, याच टेबलाशी, त्यांच्या मुलीकडे, कोरिनकडे, न पाहता. कोरिन त्या पत्ते वाटणाऱ्या पोराबरोबर नेव्हाडाला निघाली होती, जुगाराच्या हॉटेलात नोकरी करायला. बाहेर त्याची गाडी धूर सोडत उभी होती, आणि व्हर्नाने मुलीचे सगळे बूट, अगदी सपातांसकट, धुलाईच्या यंत्रात कोंडून ठेवले होते आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी होती. बर्फ पडलेलं. अनवाणी पोरगी जाणार कुठे? मी चुकीचं काय केलं? आई होते मी. आणि एल्डन उठला. तिला वाटलं, आता हा पोरीच्या थोबाडीत देणार, निदान बॅग हिसकावणार. त्याने कोपऱ्यातले आपले मासे धरायचे गमबूट उचलले आणि मुलीपुढे ठेवले. "ढगळ होतील," म्हणाला. "मोजे दोन घाल." मग व्हर्नाला खांद्याला धरून, अगदी हळू, जिन्यावर धक्का लागू नये म्हणून कपाट सरकवतात तसं बाजूला करायला आला—आणि नाही केलं. हात मागे घेतला. नुसता उभा राहिला तिच्यासमोर, इतका वेळ, की शेवटी तीच बाजूला झाली. तीच! स्वतःच्या पायांनी. हे त्याने काय केलं, हे अजून तिला कळलेलं नव्हतं. मग त्याने बॅग गाडीत नेऊन ठेवली. टाकली नाही, ठेवली.

आता दर रविवारी जेवणानंतर फोन वाजतो. व्हर्ना बशा पुसत असते. एल्डन ऐकतो, हसतो, मध्येच म्हणतो, "आई? आहे ना, इथेच आहे. देऊ?"—मग थोडं थांबणं—मग "बरं." त्या थांबण्याची लांबी आता ती मोजल्याशिवाय ओळखते, डॉक्टर नुसत्या खोकल्यावरून ओळखतात तशी, नाताळला जरा लांब असतं, वाढदिवसाला अगदीच आखूड. ज्याने गमबूट दिले त्याला फोन येतो. जिने दाराला पाठ लावली तिला 'बरं' येतं. म्हणजे हा बरोबर आहे. त्याचं ते समासातलं सगळं, शिपाई न पाठवण्याचं, बरोबर आहे, सिद्ध झालेलं आहे, दर रविवारी नेव्हाडाहून सिद्ध होतं—आणि म्हणूनच त्याला क्षमा नाही.

"कॉफी संपली," ती म्हणाली. भांड्यात दोन कप तरी होती.

चर्चच्या कार्यालयात इमोजीन स्टॉल्झ फोनला बसलेली होती. प्रार्थनेची साखळी तिच्यापासून सुरू होते: कुणाला काही झालं की इमोजीन एका बाईला फोन करते, ती दुसरीला, दुसरी तिसरीला, आणि ज्याला काही झालेलं असतं त्याला ते संध्याकाळपर्यंत बऱ्याच सुधारणांसह परत कळतं.

"अगं व्हर्ना, बस. तू उभी का? बस आधी," फोनवर हात ठेवून ती म्हणाली. "मी फक्त प्रार्थनेसाठी विचारतेय हं, चहाडी नाही माझी. एल्डनच्या डोक्याला काही झालंय का?"

"नाही."

"नाही म्हणजे, नेमकं कळलेलं बरं. मागे मिल्ड्रेडच्या गुडघ्यासाठी आठवडाभर सगळ्यांनी प्रार्थना केली आणि निघाला तिचा खुबा."

"मग?"

"मग काय, गुडघा एकदम छान आहे!"

व्हर्ना टाइपरायटरवरची खोळ काढत राहिली.

"तसा तो भला आहे गं," इमोजीन म्हणाली, आवाज खाली आणून, म्हणजे साखळीत पोचेल इतकाच. "पण रविवारी दारूचं दुकान उघडं राहिलं तरी चालेल म्हणतो, म्हणजे त्याला स्वतःला कुठेतरी… तुझ्या लक्षात आलं असतंच म्हणा. वास वगैरे."

"त्याला वास येतो, इमोजीन. गांडुळांचा."

"तेच. त्याखाली दुसरा कळायचा नाही."

तेवढ्यात ब्रदर डॉयल आले, ग्लेनची प्रश्नावली हातात धरून, नवजात बाळ दाखवायला आणल्यासारखे. ग्लेनने सगळ्याला 'हो' केलं होतं. ठसठशीत, जाड पेन्सिलीने, वरपासून खालपर्यंत, जिन्यावरून घसरत आल्यासारखं. रविवारी धंदा बंद—हो. वास्तविक ग्लेनचा पंप रविवारी उघडा असतो, आणि उपासना सुटली की अर्धं चर्च तिथेच थांबतं. विचारलं तर ग्लेन म्हणतो, "मी कायदा पाळणारा माणूस. कायदाच नाही तर पाळू काय?"

"याला म्हणतात स्वच्छ मन," पाळक म्हणाले.

"जुगाराच्या बोटीलाही हो आहे," व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"नववा प्रश्न. नदीवर बोट येऊ द्यावी का. तिथलं बरोबर उत्तर 'नाही' होतं. बाकी सगळ्यांचं 'हो' होतं."

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, लावला. प्रश्न तसाच होता. "घाई झाली असेल," ते म्हणाले. "ग्लेनच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. बोट आली की गाड्या येणार, गाड्यांना पेट्रोल लागणार. पण पाळकांनी तिच्या टेबलावरचं खोडरबर घेतलं, ग्लेनची खूण पुसली, शेजारच्या चौकटीत स्वतः नाजूकशी काढली, आणि रबराचा भुसा आशीर्वाद दिल्यासारखा फुंकला.

"आता एल्डन. सिस्टर व्हर्ना, मला रात्री झोप आली नाही. आपल्याच डीकनपुढे 'उत्तर नाही' असं छापायचं? पलीकडच्या चर्चचे मेथडिस्ट हसतील. मला सांगा, रविवारी तो धंदा बंद ठेवतो की नाही?"

"ठेवतो."

"साऱ्या काउंटीत एकटा. झालं तर! माणूस जे करतो तेच त्याचं उत्तर. मनात 'हो'च आहे, फक्त चौकटीत पडलं नाही. आणि नवऱ्याचं मन बायकोपेक्षा जास्त कोण ओळखणार? आमची जबरदस्ती नाही हं. तुम्हीच ठरवा." जाता जाता ते दारात वळले. "ठरवून झालं की मूळ प्रत यंत्रावर ठेवा. चारला सिस्टर इमोजीन छापतील. आणि सिस्टर, आधी छापील, मग तोंडी."

"मी कधी आधी बोललेय?" इमोजीन म्हणाली.

तुम्हीच ठरवा. आज सकाळपासून जो तो तिला स्वातंत्र्य देत सुटला होता.

तिने कागद टाइपरायटरमध्ये घातला. 'नाही' ठोकलं तर? तर एल्डन हुतात्मा. टोपी हातात घेऊन, पाठ ताठ ठेवून, बाकांच्या मधून चालत बाहेर जाईल, आणि ते त्याला शोभेलही. मेल्याला शोभणार नाही असं काही करायला सापडतच नाही. 'उत्तर नाही' म्हणजे तेच, जरा धाकट्या मापात. पण 'हो'… बोट किल्लीवर थांबलं. 'हो' म्हणजे त्याचं डीकनपद राहील, म्हाताऱ्या राहतील, हनुवट्या राहतील, कदाचित तो निवडूनही येईल. आणि रविवारी दारात प्रत्येक जण त्याचा हात दाबून म्हणेल, शाब्बास ब्रदर, कायदाच हवा!—त्याने न उच्चारलेल्या शब्दासाठी. मग एक तर त्याने सगळ्यांसमोर उभं राहून म्हणावं की माझी बायको खोटं बोलली, म्हणजे आयुष्यात एकदा तरी तिच्यावर हात उचलल्यासारखं होईल. नाही तर तो शब्द भाकरीबरोबर गिळावा, दर महिन्याला. त्याला वाचवणं हीच सर्वांत मोठी क्रूर गोष्ट आहे, हे लक्षात आलं तेव्हा तिला आनंद झाला, दाढेत अडकलेला कण जिभेला सापडावा तसा. ती तो आनंद मुद्दाम काढेना, नुसती जीभ फिरवत राहिली. आणि या करण्याला कुणी वाईटही म्हणू शकणार नव्हतं. पाळकांनीच नव्हतं का ग्लेनला…? मी तर बायको आहे.

तिने 'हो'च्या चौकटीत ठोकलं. जुगाराच्या बोटीपुढे तेवढं 'नाही'. मग प्रत यंत्रावर ठेवली.

"हो?" इमोजीन मागून वाकून म्हणाली. "अगं बाई! बघ, प्रार्थनेला फळ आलं. कालपासूनच धरली होती मी त्याच्यासाठी."

"डोक्यासाठी?"

"सर्वसाधारण."

ती घरी पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. एल्डन स्वयंपाकघराच्या मोरीशी कोपरापर्यंत हात धूत उभा होता. नळाखालचं पाणी काळं वाहत होतं. तिने ठरवलं होतं की टोपी काढायची, पर्स ठेवायची, मग सहज सांगायचं. पण दारातच बोलली.

"मी 'हो' घातलंय. रविवारच्या प्रश्नाला."

तो हात धूत राहिला. धुऊन झालेले हात धूत राहिला.

"छापलं?"

"चारला छापतात."

"इमोजीन?"

"इमोजीन."

त्याने नळ बंद केला. हात पुसले नाहीत, तसेच ओंजळीत काही असल्यासारखे पुढे धरले, आणि तिच्याकडे पाहिलं—तिने पाहिलं की त्याच्या जबड्याजवळ काहीतरी चालू आहे, तिथलं कातडं आत ओढलं जातंय, सुटतंय.

"व्हर्ना, मला…"

आणि थांबला. गिळलं त्याने. तिने ते गिळताना पाहिलं, तो शब्द केवढा होता तेसुद्धा पाहिलं. म्हणजे आहे! आत आहे, इतकी वर्षं आहे, दर वेळी तिथपर्यंत येतो आणि हा दर वेळी त्याला उचलून झाकणाखाली…

"मला काय?" ती म्हणाली. "बोल. मला काय, एल्डन?"

"काही नाही."

"बोल ना! नको करूस म्हण. एक फोन केला तर थांबतं सगळं. म्हण, मी करते."

"म्हणूनच नाही म्हणत."

"तू पोरीशीही असाच वागलास," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच छान वाटला, स्वच्छ, टाइप केल्यासारखा. "तुला वाटतं, तू तिला मोकळं सोडलंस. तुला ती नकोच होती. माणूस हवं असतं तेव्हा माणूस हात धरतो. कुत्र्यालासुद्धा पट्ट्याने धरतो. तुला कुणीच नको असतं. आणि वर देवाचं नाव. फोनवर ती तुझ्याशी बोलते ना, ती पाहुण्याशी बोलावं तशी बोलते. आपल्या माणसाशी भांडतात. ती माझ्याशी भांडली."

यातलं किती खरं होतं ते तिला माहीत नव्हतं. पण लागलं. तो ओल्या हातांनी खुर्चीवर बसला, आणि पाठीच्या वरच्या टोकाला, मानेखाली, एकदम म्हातारा झाला.

"असेल," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, धरलं तर ती कधीच… असेल तसंही."

"रविवारी काय करशील?"

"उभा राहीन. म्हणेन, ती खूण माझी नाही."

"म्हणजे मी खोटी."

"तुझं नाव घेणार नाही."

"ते कशाला घ्यायला हवं? टाइप कोण करतं, सगळ्या काउंटीला माहीत आहे."

"हो," एल्डन म्हणाला. "ते खरं."

धमकी नव्हती ती. हवामान सांगावं तसं सांगितलं होतं. तिने भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं, आणि त्याने तिला फोनकडे पाहताना पाहिलं, आणि लगेच नजर खाली वळवली, पण तेवढ्यात तिला ती नजर लागलीच—त्या नजरेत आशा होती. अशी आशा की अंगावर गोम चढावी. म्हणजे इतका वेळ, इतकी वर्षं, हासुद्धा वाटच बघत होता? मी याने थांबवावं म्हणून, आणि हा मी थांबावं म्हणून… समोरासमोर बसून, दोन मेंढरांसारखे! आणि आता मी फोन केला तर याच्या चेहऱ्यावर ते येईल, म्हाताऱ्यांच्या घरून आणतो ते. माझ्यामुळे. त्याला ते मी मिळू देईन? त्याच्यासमोर मी चांगली व्हायची नाही. मेले तरी नाही.

"बाहेर जा," ती म्हणाली.

तो गेला. सांगितलं की जातोच. जाळीचं दार त्याने मागे हळू लावलं, आपटू न देता.

खिडकीतून तिला तो दिसला: शेडजवळ बादली पालथी घालून, घराकडे पाठ करून बसला होता. पाठ मुद्दाम केलेली होती, कारण शेडचं दार दुसऱ्या बाजूला होतं; म्हणजे पाठीनेसुद्धा तिच्यावर जोर पडू नये एवढी त्याची काळजी. तिला त्याच्या पाठीवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. मग ते वाटणं आलं तसं गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही येईना.

तिने रिसीव्हर उचलला. फोन करायचा म्हणजे इमोजीनला म्हणायचं, थांब, मी खोटं घातलंय. मग साडेचारपर्यंत साखळीतली शेवटची बाई गुडघ्यांवर बसलेली असणार—व्हर्नाच्या मनासाठी, व्हर्नाच्या संसारासाठी, व्हर्नाच्या सर्वसाधारणसाठी. ब्रदर डॉयल कार्यालयाची किल्ली परत मागणार, अतिशय प्रेमाने. फोन नाही करायचा म्हणजे रविवार. दोन्ही तिने नीट पाहून घेतले, बाजारात दोन भोपळे पाहावेत तसे, खाली ठोकून, फिरवून. दोन्ही तितकेच वाईट होते. रागाला टेकावं म्हणून तिने राग शोधला, तो जागेवर नव्हता. आईपण शोधलं. शेवटी पाळकांचा आवाज आठवून पाहिला, तुम्हीच ठरवा, पण तो आता नुसताच एका माणसाचा आवाज वाटला, नाकातून येणारा.

कानाशी रिसीव्हर गुणगुणत होता. आपण काय करणार हे तिला जन्मभर आधीच माहीत असायचं; कधी दार अडवायचं, कधी कॉफी संपली म्हणायचं, सगळं हातांना पाठ होतं, आणि आता तिने हाताकडे पाहिलं तर तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा फोनच्या तबकडीपाशी उभा होता, आणि हा आता काय करेल हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्या ठाऊक नसण्याच्या तळाशी गार, मोकळं काहीतरी होतं, आणि ते तिला आवडलं—याचीच जास्त भीती वाटली. बाहेर बादली घासल्याचा आवाज झाला. तो उठला असेल, येत असेल. नको, ती मनात म्हणाली, ओरडलीच जवळजवळ. आता नको येऊस, आता कुणी मला थांबवू नका.

आणि तिने पहिला आकडा फिरवला, किंवा नुसतं बोट घातलं त्या भोकात. ते परत बाहेर काढता येतं की नाही, हे तिला अजून पाहायचं होतं.